नवं कॅरेक्टर टाकलं की जुना गेम मोडतो : दर वेळच्या या दुखण्यावर उपाय

लक्षणं ओळखीची असतील. नवं खेळता येणारं कॅरेक्टर बिल्डमध्ये, म्हणजे गेमच्या जुळवून तयार केलेल्या प्रतीत, जातं आणि दुसऱ्या दिवशी बग ट्रॅकर उघडावा तर नव्या कॅरेक्टरच्या तक्रारी कमी, जुन्या गेमच्याच जास्त. सेव्हमध्ये धनुर्धर होता तिथे आता जादूगार उभा आहे. शिडी चढताना हात दांडीच्या वीतभर पुढे हवा पकडतोय. तिसऱ्या लेव्हलमधली साधी उडी, जिच्याकडे आजवर कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं, ती पारच होत नाही. ऑनलाइन सामना मधेच तुटतो, तोही ठरावीक एका चालीनंतर. टीम एकेक बग ठोकत बसते, कॅरेक्टर कसंबसं बाहेर पडतं, आणि पुढच्या कॅरेक्टरला तेच रामायण पहिल्यापासून. काही टीमनी तर हे पाचवीला पुजलेलंच मानलंय. वेळापत्रकात त्याला 'पॉलिश' म्हणतात आणि गप्प बसतात.

ज्यांच्या गेममध्ये हे दुसऱ्यांदा घडतंय त्यांच्यासाठी ही पोस्ट आहे. गेम टूडी असो की थ्रीडी, फायटिंग असो की प्लॅटफॉर्मर, शोधायची जागा साधारण तीच असते.

मूळ दुखणं असं. गेममध्ये एकच नायक असतो तेव्हा 'खेळाडू' आणि 'नायक' यांत कोडला फरक कळत नाही. कॅमेरा किती उंचीवर ठेवायचा, तर तिथे कोणीतरी १.६ मीटर लिहून मोकळं होतं. नायकाची उंची विचारून ठरवायची कोणाला गरजच पडत नाही, कारण उत्तर एकच असतं. लेव्हल डिझायनर नायकाच्या उडीच्या अंदाजाने दरी खोदतो. साउंडवाला पावलाचा आवाज ॲनिमेशनच्या नेमक्या फ्रेमला, म्हणजे एका चित्राला, चिकटवतो. वर्षभरात अशी शेकडो गृहीतकं गेमभर मुरतात, आणि ती चालतात म्हणून दिसत नाहीत. नवं कॅरेक्टर ती फक्त उघडी पाडतं. म्हणून बग नव्या कॅरेक्टरमध्ये शोधू नका. जुन्याबद्दल कोडने काय गृहीत धरलंय ते शोधा, आणि तेही नव्याचं मॉडेल बनायला घेण्याआधी.

आधी हे दोन प्रयोग

पहिला प्रयोग फुकटात होतो. जुनंच कॅरेक्टर घ्या, जसंच्या तसं. तेच मॉडेल, तीच ॲनिमेशन, तेच आकडे. फक्त आयडी नवा द्या आणि बिल्ड काढा. आता जे काही मोडेल त्याचा कलेशी किंवा डिझाइनशी काडीचाही संबंध नाही. ते सगळं कोडमधलं 'एकच नायक' हे गृहीतक आहे. आयकॉन नसल्यामुळे मेनू कोसळला, तर कळलं. जुन्या आयडीवर थेट तुलना करणारी एखादी ओळ असेल आणि कटसीन (गोष्ट सांगणारं मधलं दृश्य) सुरूच झाला नाही, तर तेही कळलं. हा प्रयोग स्वच्छ पार पडेपर्यंत आर्टिस्टला नव्या कॅरेक्टरच्या पहिल्या स्केचच्या पलीकडे जाऊ देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. प्रोड्यूसरला ते पटत नाही, कारण आर्टिस्ट बसून राहिलेला दिसतो. पण आर्ट तयार झाल्यावर हेच बग निघाले की प्रत्येक तपासात 'दोष मॉडेलचा की कोडचा' हा वाद आधी मिटवावा लागतो, आणि त्यात जास्त वेळ जातो.

दुसऱ्या प्रयोगात एक कुरूप ठोकळा लागतो. टेक्स्चर नको, चेहरा नको. एकदा तो सगळ्यात बुटका करा, एकदा सगळ्यात उंच आणि रुंद करा, आणि त्याला घेऊन अख्खा गेम खेळा. दारात अडकतो का, बाकाखाली घुसतो का, कॅमेरा भिंतीत शिरतो का, हे सगळं एकाच फेरीत कळतं. १९९८ च्या 'रेसिडेंट ईव्हल २' मध्ये टोफूचा एक चालता ठोकळा लपवलेला खेळाडू म्हणून आहे. तो मुळात टक्करीची तपासणी करण्यासाठी बनवला होता. गंमत म्हणून तो गेममध्ये राहिला, पण त्याचं खरं काम आधीच झालं होतं.

सेव्ह उघडल्यावर भलतंच कॅरेक्टर

हा बग सगळ्यात उशिरा सापडतो आणि खेळाडूला सगळ्यात जास्त लागतो, म्हणून इथे जरा थांबू.

कोडमध्ये कॅरेक्टरची यादी असते. शून्यावर योद्धा, एकवर धनुर्धर, दोनवर जादूगार. सेव्ह फाइलमध्ये 'धनुर्धर' असं लिहिलेलं नसतं, तिथे फक्त १ असतो. आता नवी भालाधारी आली. निवडीच्या पडद्यावर ती योद्ध्याच्या शेजारी शोभते म्हणून कोणीतरी तिला यादीत मधे घातली. झालं, आता १ म्हणजे भालाधारी आणि धनुर्धर सरकून २ वर गेला. जुनी सेव्ह उघडली की खेळाडूचा धनुर्धर गायब. त्याच आकड्यावर पोशाख, रेकॉर्ड आणि रीप्ले लटकलेले असतील तर तेही सगळे एकेक घर सरकतात.

टेस्टिंगमध्ये हे का सापडत नाही? कारण टेस्टर नव्या बिल्डवर नवा गेम सुरू करतो. जुनी सेव्ह असते ती खेळाडूकडे.

उपाय कंटाळवाणा आहे, पण एकदाच करायचा. प्रत्येक कॅरेक्टरला कायमचा आयडी द्या. तो कधी बदलायचा नाही, आणि कॅरेक्टर काढून टाकलं तरी तो आकडा दुसऱ्याला द्यायचा नाही. पडद्यावरचा क्रम वेगळ्या ठिकाणी ठेवा. कोणती कॅरेक्टर्स उघडली आहेत हे एका बाइटच्या आठ बिट्समध्ये कोंबलं असेल तर नववं कॅरेक्टर येण्याआधी ते मोठं करा. नाहीतर नवव्याची नोंद शेजारच्या कुठल्यातरी माहितीवर जाऊन बसते, किंवा होतच नाही.

गेम आधीच बाहेर पडला असेल आणि आकडे सरकून बसले असतील, तर सेव्हमधला आवृत्ती क्रमांक कामाला येतो. नव्या आवृत्तीने जुनी सेव्ह उघडताना एकदाच जुन्या आकड्यांचं नव्यात रूपांतर करायचं आणि मग क्रमांक वाढवायचा. आवृत्ती क्रमांकच नसेल तर फाइलच्या लांबीवरून किंवा एखाद्या रकान्याच्या असण्या-नसण्यावरून अंदाज बांधावा लागतो. ते काम नाकी नऊ आणतं, पण दुसरा मार्ग नाही. अनोळखी आयडी दिसला तर गेमने तात्पुरतं मूळ कॅरेक्टर दाखवावं, मात्र सेव्हवर लिहू नये. लिहिलं की खेळाडूची मूळ माहिती कायमची गेली. आणि आजवर बाहेर पडलेल्या प्रत्येक आवृत्तीची एक-एक सेव्ह एका फोल्डरमध्ये जपून ठेवा. दर बिल्डला ती सगळी आपोआप उघडून बघणारी छोटी स्क्रिप्ट लिहायला अर्धा दिवस पुरतो.

याच जातीचा एक ऑनलाइन भाऊ आहे. एका खेळाडूने विकतचं नवं कॅरेक्टर घेतलं, समोरच्याने नाही. समोरच्याच्या यंत्राला त्या आयडीचं मॉडेलच सापडत नाही. त्यामुळे विकत न घेणाऱ्यालाही कॅरेक्टरच्या फाइल पाठवाव्या लागतात, फक्त निवडीचं कुलूप बंद ठेवायचं. २०१२ मध्ये 'स्ट्रीट फायटर एक्स टेकन'च्या डिस्कवरच १२ कुलूपबंद कॅरेक्टर्स सापडली तेव्हा खेळाडू भडकले होते, आणि कॅपकॉमने जी कारणं दिली त्यात ही सुसंगतीची अडचण होती. त्या विक्रीच्या पद्धतीचं समर्थन करायचं कारण नाही, पण तांत्रिक अडचण खरी आहे.

पाय घसरतात, हात पोचत नाहीत

जुन्या कॅरेक्टरची ॲनिमेशन नव्याच्या हाडांवर चढवली की हे होतं. निदानाचा क्रम महत्त्वाचा आहे.

खांदा किंवा मनगट सगळ्याच ॲनिमेशनमध्ये सारखंच वाकडं दिसत असेल तर दोष बाइंड पोझमध्ये, म्हणजे मॉडेल हाडांना बांधताना ते ज्या स्थितीत होतं तिच्यात, आहे. एक मॉडेल हात आडवे पसरून बांधलंय, दुसरं हात तिरपे सोडून. युनिटी इंजिनच्या ह्युमनॉइड अवतारात किंवा अनरिअल ५ इंजिनच्या आयके रीटार्गेटरमध्ये दोन्ही पोझ जुळवून घ्या आणि मग पुढे बघा. हे न करता एकेक ॲनिमेशन हाताने सरळ करत बसलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांना थांबवणं अवघड असतं, कारण दर तासाला काहीतरी सुधारल्यासारखं वाटतं.

कॅरेक्टर जमिनीत रुतत असेल किंवा तरंगत असेल तर कंबरेकडे बघा. हाडांचे कोन एका सांगाड्यावरून दुसऱ्यावर सहज जातात, पण कंबरेची उंची हे अंतर आहे, कोन नाही. पायांच्या लांबीच्या प्रमाणात ते कमी-जास्त करावं लागतं.

मोजकीच ॲनिमेशन बिघडलेली असतील, म्हणजे शिडी, कठडा, बंदुकीवरचा दुसरा हात, तर तिथे हाताला एक ठरलेली जागा गाठायची असते. अशा ठिकाणी आयके (हाताचं टोक ठरवलं की बाकीच्या सांध्यांचे कोन आपोआप काढणारं तंत्र) लावून हात त्या जागेला ओढा.

उरतं पाय घसरणं. ॲनिमेशनचा बग म्हणून ते आर्टिस्टकडे जातं आणि आर्टिस्ट ते सोडवू शकत नाही. हिशेब करून बघा. जुन्या नायकाचे पाय ९० सेंटिमीटर, धावण्याच्या एका आवर्तनात तो ३ मीटर जातो, वेग सेकंदाला ६ मीटर. म्हणजे सेकंदाला दोन आवर्तनं. नव्या बुटक्याचे पाय ६० सेंटिमीटर, त्याच ॲनिमेशनमध्ये तो २ मीटरच कापतो. वेग तोच ठेवायचा तर सेकंदाला तीन आवर्तनं हवीत, आणि पडद्यावर पाय शिलाई मशिनसारखे चालतात. ॲनिमेशनचा वेग न वाढवता शरीर तेवढंच पुढे ढकललं की पाय घसरतात. आता तीनच वाटा उरतात: बुटक्याचा वेग सेकंदाला ४ मीटर करा, लांब ढांगांचं नवं ॲनिमेशन बनवा, किंवा ती लगबग हाच त्याचा स्वभाव माना. वेग बदलला तर उडीचं अंतर बदलतं आणि लेव्हल पुन्हा तपासाव्या लागतात. हा निर्णय डिझायनरचा आहे. बग आर्टिस्टच्या नावावर पडून राहिला की त्याचं भिजत घोंगडं होतं.

'दुप्पट ॲनिमेशन लागतील' हे वाक्य या व्यवसायात फार सैल वापरलं जातं. २०१४ मध्ये 'असॅसिन्स क्रीड युनिटी'त खेळता येणारी स्त्री का नाही, याचं उत्तर देताना युबिसॉफ्टकडून ॲनिमेशनचा वाढीव भार हे कारण पुढे आलं. त्याच मालिकेच्या आधीच्या गेमवर काम केलेला ॲनिमेटर जोनाथन कूपर याने मग जाहीरपणे सांगितलं की त्याच्या अंदाजाने हे एक-दोन दिवसांचं काम आहे. मला विचाराल तर सांगाडा एकच असेल तेव्हा हालचालींपुरता कूपरच बरोबर आहे. पण त्या एक-दोन दिवसांत आवाज, कपड्यांचं हलणं, कटसीनमधल्या नजरेच्या रेषा आणि टेस्टिंग धरलेलं नाही. तुमच्या टीममध्ये वाद झाला तर आधी विचारा, आपण हालचालींबद्दल बोलतोय की अख्ख्या कॅरेक्टरबद्दल.

लेव्हल पार होत नाही

उडीची उंची, लांबी, वाकल्यावरची उंची आणि कठड्याला हात पोचण्याचं अंतर हे चार आकडे प्रत्येक कॅरेक्टरच्या माहितीत लिहून ठेवा, आणि प्रत्येक दरीवर तिची लांबी. मग 'हा इथून तिथे जाऊ शकतो का' हे यंत्रच तपासतं. हाताने तपासायचं म्हटलं तर दर कॅरेक्टरमागे पूर्ण गेम खेळावा लागेल.

कॅरेक्टर कमी उडी मारणारच असेल तर जुन्या लेव्हलला ठिगळं लावण्यापेक्षा त्याला वेगळी वाट द्या. १९९४ च्या 'सॉनिक अँड नकल्स'मध्ये नकल्सची उडी सॉनिकपेक्षा कमी आहे, पण तो तरंगतो आणि भिंत चढतो, आणि त्याच लेव्हलमध्ये त्याच्यासाठी निराळे रस्ते आहेत. तेच कार्ट्रिज 'सॉनिक २'ला जोडलं की नकल्स त्या जुन्या गेममध्येही खेळता येतो, पण तिथली रचना त्याच्यासाठी केलेली नव्हती, आणि काही ठिकाणी ते चांगलंच जाणवतं.

नवं ठीक, पण दुसरंच कोणीतरी मोडतं

फायटिंग गेममध्ये जोड्यांचा हिशेब असतो. स्वतःविरुद्ध स्वतः धरून ८ कॅरेक्टर्सच्या ३६ जोड्या होतात, नववं आलं की ४५. तीसवर एकतिसावं आलं की ३१ नव्या जोड्या. हात-पाय मारण्यात ते खपून जातं, कारण हल्ला समोर कोण आहे हे विचारत नाही. पण पकड आणि फेक यांत दोन शरीरं एकत्र हलतात. प्रत्येक फेकणाऱ्याने प्रत्येक बळीसाठी वेगळं ॲनिमेशन ठेवलं की संपलं. त्यापेक्षा फेकणाऱ्याने फक्त 'बळीची कंबर इथे, तोंड या बाजूला' एवढंच सांगायचं, आणि प्रत्येक कॅरेक्टरने उलटा, आडवा, गुडघ्यावर, हवेत अशा ठरलेल्या आठ-दहा पोझ स्वतःच्या बनवून ठेवायच्या. मग काम बेरजेने वाढतं, गुणाकाराने नाही. अतिबुटक्या आणि अतिउंच जोडीत हात थोडा मांसात शिरेल. शिरू द्या, अर्ध्या सेकंदात कोणी बघत नाही.

खरी गोची नकलाकारांची असते. 'स्मॅश ब्रदर्स'मध्ये कर्बी समोरच्याला गिळतो आणि त्याची ताकद घेतो. म्हणजे तिथे नवा योद्धा आला की कर्बीसाठी त्याच्या रूपाची टोपी आणि त्याची चाल बनवावीच लागते. 'अल्टिमेट' या आवृत्तीत ८२ व्या क्रमांकाचा सोरा ऑक्टोबर २०२१ मध्ये आला, त्याच्यासाठीसुद्धा. 'डोटा २'चा रुबिक मंत्र चोरतो, 'लीग ऑफ लेजेंड्स'मध्ये २०१९ चा सायलस प्रतिस्पर्ध्यांची सर्वांत मोठी ताकद उचलतो आणि २०२१ चा व्हिएगो मेलेल्या शत्रूचं रूप घेतो, 'ओव्हरवॉच'ची एको समोरच्या हिरोची नक्कलच होते. अशा गेममध्ये नव्या कॅरेक्टरची कोणतीही ताकद 'माझा मालक अमुकच' असं धरून लिहिली की नकलाकाराच्या हातात ती फुटते.

नमुना सांगतो. भालाधारीची चाल मालकाकडे 'भाला उचल' नावाचं ॲनिमेशन मागते. नकलाकाराकडे ते नसतं. इंजिन निमूटपणे काहीच लावत नाही, नकलाकार हात पसरून उभा राहतो, आणि चाल संपल्याचा संकेत ॲनिमेशनच्या शेवटच्या फ्रेमवर टांगलेला असल्यामुळे तो कधीच येत नाही. खेळाडू कायमचा अडकला. उपाय दोन: चाल किती वेळ चालायची हे चालीच्या माहितीत लिहा, ॲनिमेशनवर सोडू नका, आणि ॲनिमेशन सापडलं नाही तर एक साधं सर्वसामान्य लावा आणि लॉगमध्ये, म्हणजे गेमच्या नोंदवहीत, ओरडा. टेस्टिंगच्या क्रमात नकलाकार सगळ्यात आधी ठेवा.

'एक खेळाडू म्हणजे एक शरीर' हे गृहीतक मोडणारं कॅरेक्टर असेल तर वेळ दुप्पट धरूनही कमी पडेल. 'आइस क्लायम्बर्स' ही जोडी स्मॅशच्या २०१४ च्या आवृत्तीतून वगळली गेली ती थ्रीडीएस या हातातल्या कन्सोलची ताकद अपुरी पडली म्हणून, असं दिग्दर्शक मासाहिरो साकुराई यांनीच सांगितलंय. त्याच पिढीचा घरचा कन्सोल वी यू ताकदीने मोठा होता, पण दोन्ही आवृत्त्यांत कॅरेक्टर्स सारखी ठेवायची होती. सगळ्यात कमकुवत यंत्र काय ठरवतं ते यावरून कळावं.

मेमरीचंही तेच. ५१२ बाय ५१२ पिक्सेलची एक फ्रेम उघडी ठेवली तर १ मेगाबाइट खाते. हाताने काढलेल्या १,५०० फ्रेम म्हणजे दीड गिगाबाइट. कॉम्प्रेशन आणि गरजेपुरत्या फ्रेम उचलणं आलंच. तपासताना सरासरी जोडी घेऊ नका. सगळ्यात जड कॅरेक्टर्स एकाच सामन्यात, वेगवेगळ्या पोशाखांत, सगळ्यात जड स्टेजवर उतरवा.

ऑनलाइन सामना तुटतो

रोलबॅक (समोरच्याची बटणं उशिरा पोचली की मागे जाऊन दुरुस्ती करणारी ऑनलाइन पद्धत) वापरत असाल तर गेम दर फ्रेमला आपली स्थिती जपून ठेवतो, मागे जातो आणि पुन्हा चालवतो. नव्या कॅरेक्टरची एखादी नोंद त्या जपलेल्या स्थितीत नसेल, समजा भाला फेकल्यावर परत यायला उरलेल्या फ्रेमची मोजणी, तर मागे गेल्यावर बाकी सगळं जुनं होतं आणि ही मोजणी नवीच राहते. दोन यंत्रांना दोन वेगळे सामने दिसू लागतात. नेहमीचे दुसरे गुन्हेगार म्हणजे दिखाव्याच्या कणांसाठी असलेला रँडम आकडा चालीच्या कोडमध्ये वापरणं, आणि क्रमाची हमी नसलेल्या यादीतून एकेक घटक हलवणं.

हे शोधायला दोन माणसं आणि इंटरनेट लागत नाही. जीजीपीओ या रोलबॅकच्या तयार लायब्ररीत सिंक टेस्टची सोय आहे. तुमची स्वतःची रोलबॅक असेल तर तशी बनवा. एकाच यंत्रावर दर फ्रेमला मागे जायचं, पुन्हा चालवायचं, आणि दोन्ही वेळच्या स्थितीचा चेकसम (सगळ्या माहितीवरून काढलेला एक आकडा) ताडायचा. जिथे पहिल्यांदा जुळत नाही त्या फ्रेमची पूर्ण स्थिती दोनदा छापा आणि ओळीने ओळ बघा. दोषी रकाना बहुतेक वेळा नवीन कॅरेक्टरच्या फाइलमध्येच निघतो. इथे मात्र जुन्याला दोष देता येत नाही.

वेळेचंही बघा. सेकंदाला ६० फ्रेमच्या गेममध्ये एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद मिळतात. सात फ्रेम मागे जाऊन पुन्हा चालवायच्या म्हटलं तर चालूची धरून आठ वेळा गेमचं लॉजिक त्यात बसायला हवं, चित्र काढण्याचा वेळ वेगळा. नव्या कॅरेक्टरची ओढणी किंवा केस लॉजिकमध्ये हलत असतील तर ते तिथून बाहेर काढा.

बॉसला खेळता येणारं केलंय आणि तो जड वाटतो

जड वाटणारच. बॉसची, म्हणजे टप्प्याच्या शेवटी भेटणाऱ्या मोठ्या शत्रूची, चाल समोरच्याला दिसावी, सावरायला वेळ मिळावा अशी बनवलेली असते. हात उगारायला ४० फ्रेम, म्हणजे सेकंदाचा दोन-तृतीयांश वेळ. खेळाडूच्या हातात तोच बॉस दिला की बटण दाबल्यावर काहीच होत नाही असं वाटतं. उगारण्याच्या फ्रेम दहाच्या आत आणा, मधेच चाल सोडून उडी मारता येईल अशा खिडक्या ठेवा, आणि बटण थोडं आधी दाबलं तरी लक्षात ठेवणारा बफर द्या, कारण एआयला तो कधी लागलाच नव्हता. हिटबॉक्सही (मार लागतो की नाही हे ठरवणारे अदृश्य चौकोन) उलटे करावे लागतात: बॉसचं शरीर मार बसायला सोपं म्हणून मोठं ठेवलेलं असतं.

'मॉडेल तयारच आहे, खेळता येऊ दे' या वाक्याला भुलू नका. यॉट क्लब गेम्सने २०१३ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर 'शॉव्हल नाइट'च्या बॉसना खेळता येणारं करण्याचं वचन दिलं. मूळ गेम २०१४ ला आला. त्या वचनातून निघालेले तीन भाग २०१५, २०१७ आणि २०१९ मध्ये पूर्ण झाले, आणि ते पूर्ण मोहिमा होऊन बसले. गेम म्हणून ते उत्तम आहेत. फुकटचं कॅरेक्टर म्हणून नव्हे. उलट टोकाला १९९७ च्या 'सिम्फनी ऑफ द नाइट'चा रिक्टर: त्याच किल्ल्यात तो खेळता येतो, पण मूळ नायकाची शस्त्रं-कपड्यांची व्यवस्था त्याला दिलेलीच नाही. वेळ कमी असेल तर हा मार्ग घ्या. नव्या कॅरेक्टरला कोणत्या सिस्टिम मिळणार नाहीत, हे पहिल्याच बैठकीत लिहून काढा.

सुटून जाणाऱ्या बारीक गोष्टी

'सगळ्या कॅरेक्टर्सनी गेम संपवा' हे बक्षीस यादीच्या लांबीवर मोजू नका; नवं विकत न घेणाऱ्याला ते कधीच मिळणार नाही. निवेदकाचा आवाज पुन्हा उपलब्ध आहे का ते आधी विचारा. इतर पात्रं खेळाडूला 'आलास' म्हणतात की 'आलीस', हे प्रत्येक भाषेच्या संवादांत बघावं लागतं, आणि लांब नाव जर्मनमध्ये पट्टीबाहेर जातं. पावलांचे आवाज, सावलीचा आकार, कंट्रोलरची थरथर: ठोकळ्याच्या फेरीत हे सापडायला हवं होतं, नसेल तर आता बघा.

वरिष्ठांना काय दाखवायचं

'एकच तर कॅरेक्टर आहे' म्हणणाऱ्यासमोर 'स्कलगर्ल्स' या फायटिंग गेमचा हिशेब ठेवा. २०१३ मध्ये लॅब झीरोने स्क्विग्ली नावाच्या एका कॅरेक्टरसाठी इंडीगोगो या तशाच वर्गणीच्या साइटवर १,५०,००० डॉलर मागितले आणि खर्च उघड मांडला. आठ जणांचे दहा आठवड्यांचे पगार ४८,०००, बाहेरून करून घेतलेलं ॲनिमेशन ३०,०००, आवाज ४,०००, ऑडिओ बसवणं ५,०००, हिटबॉक्स २,०००. टेस्टिंग २०,००० आणि कन्सोलचं सर्टिफिकेशन १०,०००. उरलेले पैसे वर्गणीची फी आणि बक्षिसं पाठवण्यात. इतके पैसे एका कॅरेक्टरला कसे, असं तेव्हा अनेकांनी विचारलं. व्यवसायातल्या लोकांना तो आकडा कमीच वाटला. मला त्यात हिटबॉक्सच्या दसपट टेस्टिंग ही जोडी सगळ्यात बोलकी वाटते. तुमच्या अंदाजपत्रकात हे प्रमाण उलटं असेल तर कुठून कापलंय ते शोधा.

वेळापत्रकात क्रम असा ठेवा: नव्या आयडीचं जुनं कॅरेक्टर, मग ठोकळा, मग ठोकळ्यावरच्या चाली, नकलाकार आणि सिंक टेस्ट, आणि मग आर्ट. मार्केटिंगला चित्र आधी हवं असतं. त्यांना स्केच द्या.

बाहेर पडण्याआधी एक शेवटचं. क्रॅश लॉगमध्ये सामन्यातल्या सगळ्या कॅरेक्टर्सचे आयडी जायला हवेत, नाहीतर पहिल्या रात्री कोणामुळे कोसळतंय हे चाचपडत बसाल. आणि ऑनलाइन गेम असेल तर सर्व्हरवरून ते एक कॅरेक्टर निवडीतून बंद करण्याचा स्विच ठेवा, तो एकदा खरोखर दाबून बघा, आणि दाबल्यावर ज्यांनी ते कॅरेक्टर आवडतं म्हणून ठरवून ठेवलंय त्यांचा मेनू उघडतो की नाही, हेही तपासा.